मूळ नक्षत्राकडे लागलेले डोळे

लेक मूळ नक्षत्रावर जन्मली, म्हणून आईने तेव्हा शांत करायला लावली होती. ते नक्षत्र लेकीला नीट दाखवलं गेल्या शनिवारी, टेकापोच्या माउंट जॉन या डोंगरावरच्या वेधशाळेत. तुमच्याकडे आषाढातले ढग. इथे न्यूझीलंडमध्ये ऐन हिवाळा, लख्ख आकाश. मूळ नक्षत्र म्हणजे विंचवाची नांगी. पुण्यातून दक्षिणेला अर्ध्याहून खालीच दिसणारी ही नांगी इथे जवळजवळ डोक्यावर येते. तिच्या शेजारीच, धनूच्या हद्दीत, आपल्या आकाशगंगेचं केंद्र. डोंगरावरची १.८ मीटरची ‘मोआ’ दुर्बीण तिथल्या कोट्यवधी ताऱ्यांवर डोळा ठेवून असते.

कशासाठी? माहिती सांगणाऱ्या मुलीने काचेच्या प्याल्याचा बुंधा टॉर्चसमोर धरला. ठिपक्याएवढा उजेड पसरून त्याचं कडं झालं. लेकीने चारदा करून पाहिलं. दूरच्या ताऱ्यासमोरून दुसरा तारा सरकला की त्याचं गुरुत्वाकर्षण असाच प्रकाश वळवतं. मागचा तारा काही आठवडे उजळतो, मग पुन्हा मंदावतो. पुढच्या ताऱ्याला ग्रह असेल तर मध्येच छोटी उसळी येते, काही तासांची, फार तर काही दिवसांची.

असं काही दिसण्याची फारशी आशा नाही, असं आइन्स्टाइनने १९३६ मध्ये लिहिलं होतं. एकेका ताऱ्यापुरतं ते खरंच आहे, म्हणून तर कोट्यवधी तारे पाहायचे. या पद्धतीने सापडलेला पहिला ग्रह २००३ च्या नोंदींतला. चिलीतल्या ‘ओगल’ या पोलिश निरीक्षण प्रकल्पाची दुर्बीण आणि याच डोंगरावरची तेव्हाची ६० सेंटिमीटरची, दोघींनी मिळून तो टिपला.

मला हलवून गेलं ते वेगळंच. दोन ताऱ्यांची ही जुळणी पुन्हा होत नाही. हुकली की कायमची हुकली. त्यामुळे इथे उजाडलं की ऑस्ट्रेलियाने, मग दक्षिण आफ्रिकेने, मग चिलीने पहारा घ्यायचा. २००५ मध्ये असाच एक ग्रह, गुरूहून जड, सापडला, तेव्हा ऑकलंडच्या दोन हौशी निरीक्षकांची मोजमापंही कामी आली. त्यांतल्या जेनी मॅककॉर्मिक यांची वेधशाळा चक्क घरच्या अंगणात! शोधनिबंधावर त्यांचंही नाव आहे.

निघताना गाडीच्या काचेवर हिम धरलं होतं, खरवडून काढावं लागलं. लेक मात्र बाहेरच उभी, मान वर करून.

“आजीला फोन लाव,” म्हणाली. “माझ्या नक्षत्राकडे रात्रभर कोण कोण बघतं, ते सांगायचंय.”