दुखणे खरेच असते, तरी मनाबद्दल विचारावे लागते

पाठदुखीला पाच वर्षे होत आली असताना एका फिजिओथेरपिस्टने मला विचारले, "दुखतंय म्हणून काय काय करणं सोडलंत?" तोवर कुठे दुखते, कशाने वाढते आणि दहापैकी किती दुखते, एवढेच मला विचारले गेले होते. मी बोटांवर मोजू लागलो. पाण्याची बादली उचलणे, वाकून बुटाची नाडी बांधणे, लांबचा प्रवास, मुलीला कडेवर घेणे… दोन्ही हातांची बोटे संपली, आणि तेव्हा लक्षात आले की यांतली बहुतेक कामे बंद करायला कोणत्याही डॉक्टरने सांगितले नव्हते. ती माझी मीच बंद केली होती.

त्याचे मूळ एमआरआयच्या अहवालात होते. 'मणक्यांची झीज' आणि 'सरकलेली चकती' (दोन मणक्यांमधली गादी) हे शब्द वाचल्यापासून माझा कणा म्हणजे कधीही ढासळू शकणारी भिंत आहे, असे मी धरून चाललो होतो. पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या 98 जणांचे एमआरआय तपासणारा एक अभ्यास 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी केवळ 36 टक्के लोकांच्या सर्व चकत्या निर्दोष आढळल्या होत्या. ही एक गोष्ट अहवाल हातात देताना कोणी सांगितली असती, तर मी कदाचित इतका घाबरलो नसतो. भीतीने माणूस हालचाल टाळतो, टाळल्याने स्नायू दुबळे होतात, दुबळ्या स्नायूंमुळे थोड्या श्रमानेही दुखते आणि त्या दुखण्याने भीती खरी ठरते. या चक्रात चकतीचा वाटा किती आणि अहवालातल्या शब्दांचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

शरीर आणि मन यांची अशी सरमिसळ कशी होते, याचे पहिले पटणारे उत्तर वेदनेवर संशोधन करणारे रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये दिले. वेदनेचा संदेश तारेतून वीज जावी तसा थेट मेंदूत पोहोचत नाही. मज्जारज्जूत जणू एक दार असते आणि ते किती उघडायचे यावर मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही अंमल चालतो, असे त्यांनी मांडले. त्या सिद्धांताचे तपशील पुढे बरेच बदलले, पण वरून येणाऱ्या नियंत्रणाची कल्पना टिकली. भीती, लक्ष, अपेक्षा, अपुरी झोप या सगळ्यांचा हात त्या दारापर्यंत पोहोचतो. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या दुखण्याला जुनाट म्हणतात. अशा दुखण्यात कित्येकदा मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था मात्र अतिसंवेदनशील होऊन बसलेली असते.

हे सगळे ऐकल्यावर रुग्णाला पहिली शंका येते ती "म्हणजे मी नाटक करतोय असं म्हणायचंय का?" ही. ती रास्त आहे. एका डॉक्टरांनी माझा अहवाल बाजूला सरकवत "तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन कमी करा" असे म्हटले होते. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाठ नेहमीपेक्षा जास्त दुखली. उपचारात मनाचा विचार करणे वेगळे आणि निदान सापडत नाही म्हणून मनावर खापर फोडणे वेगळे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्या टिपणांत दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या: वेदनेवर जैविक, मानसिक आणि सामाजिक घटकांचा कमीअधिक प्रभाव असतोच, आणि आपल्याला दुखते असे माणूस सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे.

सामाजिक घटकांत मला सर्वांत अवघड वाटला तो घरातला. मी खुर्चीतून उठताना कण्हलो की पत्नी धावत येई, हातातले काम काढून घेई, पाठीमागे उशी लावी. अशा अतिकाळजीबरोबर कण्हणे, लंगडणे, आडवे होणे वाढलेले दिसते, असे जोडीदारांवरील अभ्यासांत आढळले आहे. हे तिला सांगणे क्रूरपणाचे वाटले, कारण तिच्या मायेत खोट नव्हती. कार्यालयात नेमके उलटे होते: जखम दिसत नसल्याने तिथे दुखणे सिद्ध करावे लागे, आणि सिद्ध करता करता मी ते दिवसभर चाचपत राही. एकीकडे जास्त विश्वास, दुसरीकडे अविश्वास, आणि दोन्हींकडे लक्ष पाठीवरच.

मानसोपचाराची फार भलामण मी करणार नाही. जुनाट दुखण्यावरील अशा उपचारांचा सरासरी परिणाम माफकच दिसतो, आणि गोळ्या किंवा व्यायाम यांची जागा तो आपोआप घेत नाही. माझ्याबाबतीत समुपदेशकाने केले ते इतकेच, की सोडलेल्या कामांची यादी सोप्यापासून अवघडापर्यंत लावून घेतली आणि दुखण्याच्या आकड्याकडे न बघता ठरलेले तेवढेच करायचे, चांगल्या दिवशीही त्याहून जास्त नाही, असे बजावले. सुरुवात पाव भरलेल्या बादलीने झाली. आता ती अर्धी असते. आकडा बहुतेक दिवशी चार-पाचवरच असतो, आणि मी बादली उचलताना पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते, पण पुढे येत नाही.