ताई ची : मांडी भरली तर चालेल, मंडी दुखली तर थांबा

ताई ची हा संथ चिनी व्यायाम शिकवणारे हात कसे वळवायचे, बोटं कशी ठेवायची, नजर कुठं, श्वास कुठं, सगळं सांगतात. पाण्यासारखं वाहा म्हणतात, ढगासारखं तरंगा म्हणतात. पण पुढचा पाय वळवायच्या आधी त्यावरचं वजन काढा, एवढं एक वाक्य मला सापडलेल्या सुरुवातीच्या व्हिडिओंत नव्हतं, आणि पैसे भरून घेतलेल्या ऑनलाइन वर्गातही नव्हतं. गुडघा का दुखतो असं विचारल्यावर तिथून नऊ दिवसांनी उत्तर आलं : 'रिलॅक्स व्हा.' चोवीस हालचालींच्या संचातले सुरुवातीचे हात आठवड्यात बसले, पुढचे सहा आठवडे एका पावलात गेले. म्हणून हे त्या पावलाबद्दलच जास्त.

'कुणाच्या ताईची?' हा विनोद घरात होणारच. बेळगावात त्यापुढं 'मग अक्काची कधी?' हेही येतं. नावातला 'ची' म्हणजे प्राणशक्तीवाला 'ची', असं बरेच जण समजतात. ते दोन वेगळे शब्द आहेत. पूर्ण नाव ताईचीच्युआन. ताईची म्हणजे परमोच्च टोक आणि च्युआन म्हणजे मूठ. म्हणजे ही मुळात मारामारीची विद्या. हेनान प्रांतातलं चेनजियागौ हे तिचं गाव, आणि सतराव्या शतकातला चेन वांगतिंग हा चेन घराण्याच्या परंपरेत आद्य पुरुष. एकोणिसाव्या शतकात यांग लुचाननं ती त्या गावात शिकून पुढं बीजिंगमध्ये शिकवली. आज बागेत दिसणारी संथ, मोठ्या घेराची पद्धत रूढ झाली ती त्याचा नातू यांग चेंगफू (१८८३-१९३६) याच्यामुळं. चोवीसचा संच म्हणजे १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगानं त्याच यांग पद्धतीतून काढलेला सुटसुटीत प्रकार. नीट केला तर ५ ते ६ मिनिटं लागतात. तीन मिनिटांत संपत असेल तर तुम्ही पावलं खाताय.

मारामारीची विद्या म्हटल्यावर पाय आधी येणार हे आपल्याला कळायला हवं होतं. इथं तालमींचा भाग. तांबड्या मातीत उतरलेला पैलवान समोरच्याचे हात नंतर बघतो, पाय आधी.

तर ते पाऊल. सुरुवातीलाच रानघोड्याची आयाळ दुभागायची हालचाल येते, डावी-उजवी-डावी अशी तीनदा. पहिली डावी संपते तेव्हा डावा पाय पुढं, गुडघा वाकलेला, अंगाचं साधारण ७० टक्के वजन त्यावर. मागचा उजवा पाय ४५ अंश बाहेर तिरका. आता उजवा पाय पुढं आणायचा आहे. घाईतला माणूस काय करतो? आहे तिथंच डावा चवडा बाहेर फिरवतो. वर चाळीसेक किलोचा भार, खाली फरशी धरून बसलेलं पाऊल, मग पीळ जाणार कुठं? गुडघ्यात. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा. वाकायचं आणि सरळ व्हायचं हे त्याचं काम. फिरायची खरी सोय खुब्यात आहे.

बरोबर क्रम असा : आधी वजन मागं, उजव्या पायावर. डावा चवडा हलका होऊन उचलला जातो, टाच टेकलेलीच. मग खुब्यातून वळायचं, अंगाबरोबर चवडा ४५ अंश बाहेर. पाऊल पूर्ण टेकवायचं आणि त्यानंतरच वजन पुन्हा डाव्यावर. उजवा पाय डाव्या घोट्याशी आणायचा. तोल जात असेल तर तिथं चवडा टेकवा, कमीपणा नाही. तिथून उजवी टाच पुढं, रिकामी. मग पाऊल, मग वजन. टाच टेकल्यावर ती पुन्हा उचलून मागं घेता आली पाहिजे. येत नसेल तर तुम्ही पाऊल टाकलेलं नाही, पुढं पडलाय. पाऊल लहान करा.

वजन खरंच मागं गेलं का, हे मनाला विचारून उपयोग नाही. मन नेहमी 'हो' म्हणतं. घरातला वजनकाटा काढा, सुईवाला जुना असेल तर फारच छान. डिजिटल काटा एक आकडा धरून बसतो. पुढचा पाय काट्यावर, मागचा पाय तेवढ्याच जाडीच्या पाटावर. ६० किलोच्या माणसाची सुई पुढं झुकल्यावर ४२ च्या आसपास यायला हवी. मागं गेल्यावर ती पाचाच्या खाली उतरल्याशिवाय चवडा वळवायचा नाही. पहिल्यांदा करताना वाटतं, सगळं वजन मागं नेलं. सुई अठरावर थरथरत उभी असते. नुसतं पाठीतून मागं रेललं की असं होतं. पाठ सरळ ठेवून मागचा गुडघा वाकवला की सुई झर्रकन खाली येते. काटा फक्त भार बघण्यासाठी, त्यावर पाय फिरवू नका.

दुसरा घोळ रुंदीचा. दोन्ही टाचा एका रेषेत आल्या की माणूस दोरावरच्या डोंबाऱ्यासारखा डुलतो, आणि तोल सावरायला गुडघा आत पडतो. दोन टाचांत आडवं अंतर १० ते ३० सेंटिमीटर हवं, आयाळीच्या हालचालीत ३० च्या जवळ. सोप्यात खडूनं दोन समांतर रेघा मारा, एक डाव्या पायाची, एक उजव्या पायाची. दोन फुटी टाइल असेल तर तिची अर्धी रुंदी म्हणजे तेवढंच अंतर. पुढचा गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेनं वाकायला हवा, चवड्याच्या पुढं जाता कामा नये. उभं राहून खाली बघितल्यावर अंगठा गुडघ्याआड लपला तर फार पुढं गेलात.

हेच एक पाऊल, हात कमरेवर ठेवून, रोज दहा मिनिटं. कंटाळा येतो. येऊ दे. हे बसलं की 'गुडघा झाडून ढकलणे' ही हालचाल जवळजवळ फुकट मिळते, कारण पाय तेच.

आता शीर्षकाचं. इकडं आपण मराठी, कन्नड जे मिळेल ते बघतो. कन्नडमध्ये 'मंडी' म्हणजे गुडघा. आपली मांडी नव्हे. 'मंडी नोवु' (गुडघेदुखी) ऐकून मांडीला तेल चोळत बसू नका. मांड्या भरून येणं, थोडं थरथरणं हे काम झाल्याचं लक्षण. गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचलं तर गुडघे कमी वाकवून उंच उभं राहा. तरी टोचलं तर त्या दिवशी थांबा. सूज आली किंवा गुडघा अडकला तर डॉक्टर.

हे सगळं गुडघ्यासाठी करायचं आणि गुडघाच बिघडवायचा, ही गंमत बघा. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघ्याच्या संधिवाताचे २०४ रुग्ण होते; १२ आठवड्यांनी ताई चीचा फायदा फिजिओथेरपीइतकाच दिसला. २०१२ सालच्या दुसऱ्या चाचणीत पार्किन्सनचे १९५ रुग्ण तीन गटांत आठवड्यातून दोनदा तासभर, २४ आठवडे व्यायाम शिकले. ताई ची गटाचा तोल, वजनाचे व्यायाम किंवा नुसतं ताणणं करणाऱ्यांपेक्षा सुधारला. ताणणाऱ्यांच्या मानानं पडणंही कमी झालं. कारण साधं आहे, एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश जाणं हाच सराव. मात्र पोट उतरवायला ताई ची शोधत असाल तर सरळ बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या मैदानावर भराभर चालायला जा. आणि बीपीची गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही.

जागेचं सांगायचं राहिलं. चोवीसचा संच बाजूला सरकत जातो, बरीच लांबी लागते. भिंत आली तर दोन पावलं मागं घेऊन पुढं चालू करा, कुणी दंड करत नाही. खोली फारच लहान असेल तर आठ हालचालींचा संच घ्या. तो जवळजवळ जागच्या जागी होतो. पावसाळ्यात गच्ची विसरा, खानापूरकडच्या पावसात तिच्यावर शेवाळ धरतं आणि त्यावर एका पायावर उभं राहणं म्हणजे कंबर मोडायचं आमंत्रण.

व्हिडिओ पाठमोरा निवडा. समोरून दाखवणारा असेल तर तो उलटवलेला आहे का बघा, नाहीतर डावं-उजवं असं घट्ट बसतं की काढायला महिना जातो. सर्पासारखं खाली उतरायची हालचाल पहिल्या वर्षी गुडघ्याच्या उंचीपर्यंत नेऊच नका, अर्धी पुरे. श्वास नाकानं, जसा येतो तसा. हातांशी ताल जुळवायला गेलात तर गरगरतं.

आणि पायात काय, हे खरं म्हणजे आधीच सांगायला हवं होतं. जाड रबरी तळाचे रनिंग शूज गुळगुळीत टाइलवर चिकटतात, वजन काढूनही पाऊल फिरत नाही. मोजे घसरतात. सपाट, पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट, शाळेतल्या पीटीचे असतात तसले, सगळ्यात बरे. शहाबादी फरशी असेल तर अनवाणी, फक्त फरशीला ओल सुटलेल्या दिवसांत आधी कोरड्या फडक्यानं पुसून.