आमची वाटचाल : आधी चूक वाचायची, मग शिकवायचं

कर्वेनगरमध्ये पहिली-दुसरीच्या शिकवण्या म्हणून हा वर्ग सुरू झाला. आमच्या मुख्य शिक्षिका डी.एड. होऊन मराठी शाळेत शिकवत होत्या. विशेष शिक्षणातलं बी.एड. त्यांनी पुढे केलं. आता एका गटात चारच मुलं घेतो, कारण प्रत्येकाची चूक वेगळी असते आणि ती जवळ बसल्याशिवाय दिसत नाही.

‘त्रेपन्न’ ऐकून मूल 35 लिहितं. पालक म्हणतात, लक्ष नाही. उलट ते अगदी नीट ऐकत असतं : बोलताना तीन आधी येतात, लिहिताना पाच. एकोणपन्नासचे 59 होतात, कारण ‘पन्नास’ कानावर पडतं आणि शेवटी नऊ येतात हे त्याला ठाऊक असतं. उजळणी घोकून हे सुटत नाही. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडनं बांधायचे. गठ्ठे डावीकडे, सुट्या काड्या उजवीकडे. मूल आधी ‘पन्नास तीन’ म्हणतं, मग ‘त्रेपन्न’. एकोणपन्नाससाठी पाच गठ्ठे मांडून एक काडी मुलालाच काढायला लावायची. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात अशी संख्यावाचनाची जोड आली तेव्हा बराच वाद झाला. पायरी म्हणून ती आम्हाला मोलाची वाटते.

अक्षरांत व आणि ब शेजारी शेजारी शिकवले की गोंधळ वाढतो. व पक्का होईपर्यंत ब काढायचाच नाही. ताटात रव्याचा पातळ थर द्यावा. जाड झाला की बोटानं काढलेली रेघ बुजते.

घरची भाषाही पाहावी लागते. हिंदी बोलणाऱ्या घरातलं मूल ‘बाळ’चं ‘बाल’ करतं, हा वाचनदोष नव्हे. त्याला ळ भरपूर ऐकवायचा, लिहायला नंतर. अध्ययन अक्षमतेला (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली मुळातली अडचण) 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे, पण सहा वर्षांच्या मुलावर घाईनं तो शिक्का मारू नये. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. निदान आम्ही करत नाही, ते तज्ज्ञांचं काम.

पहिल्या भेटीला प्रगतिपुस्तक नको. जुन्या वह्या आणा, खाडाखोड असलेल्या. फळ्यावरून उतरवलेल्या सुबक वहीतून आम्हाला काहीच कळत नाही.