आमच्या गावचं देऊळ साहेबाने नाही, मास्तरने उभं केलं

मागच्या आठवड्यात ऑफिसात डबा खाताना एकाने सहज विचारलं, अरे तुमच्या गावात चर्च कसं काय, म्हणजे एवढ्या आत खेड्यात, इंग्रजांनी बांधलं का? मुलगा चांगला आहे, खोचक वगैरे अजिबात नाही, पण मला तिथे धड उत्तर देता आलं नाही. भेंडीची भाजी संपवत म्हटलं हो, तसंच काहीतरी, आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडचिड झाली. म्हणून हे लिहायला बसलोय. लांबेल, आधीच सांगून ठेवतो.

तर पहिली गोष्ट, इंग्रज नव्हे, अमेरिकन. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघं मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारला ते नकोच होते, कलकत्त्यातून त्यांना निघा म्हणून सांगितलेलं आणि मुंबईतूनही परत पाठवायचं घाटत होतं, कारण धंद्यात धर्माचा घोळ कोणाला हवाय. ते कसेबसे टिकले, आणि त्यांच्या मिशनची माणसं १८३१ ला नगरला आली. मग शाळा, छापखाना, १८४२ ला नगरातूनच ज्ञानोदय हे मिशनचं नियतकालिक सुरू झालं. नगरला सिंथिया फॅरार नावाच्या बाईंच्या मुलींच्या शाळा होत्या, त्या जोतिराव फुल्यांनी येऊन पाहिल्या आणि पुण्याला जाऊन स्वतः मुलींची शाळा काढली, हे बऱ्याच जणांना ऐकून तरी माहीत असतं. आमच्या तालुक्यात म्हणजे नेवाशात वडाळ्याला मिशनचं ठाणं होतं. तिथले फेअरबँक साहेब उपदेश करता करता पक्षी आणि गोगलगायीपण गोळा करायचे, पार तमिळनाडूतल्या पलनीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याला त्यांचं नाव आहे. हे मला तिशी उलटल्यावर कळलं. लहानपणी फेअरबँक म्हणजे कुठलीतरी बँक असेल असंच वाटायचं.

पण गावात चर्च यातल्या एकाही साहेबाने सुरू केलं नाही, आणि मला नेमकं हेच सांगायचंय.

साहेब यायचा हिवाळ्यात, वर्षाकाठी एकदा. राहुटी ठोकायचा, संध्याकाळी मॅजिक लँटर्नवर चित्रं दाखवायचा, झाडून सगळं गाव बघायला यायचं, पाटलाची पोरंसुद्धा. दोन दिवसांनी राहुटी उचलून पुढच्या गावाला. उरलेले तीनशे साठ दिवस गावात कोण होतं? मास्तर.

मास्तर म्हणजे मिशनचा शाळामास्तर, नगरला शिकून आलेला, जातीने आमच्यासारखाच महार, पण दुसऱ्या तालुक्यातला. पगार नावाला, तोही वेळेवर येईल तो खरा. त्याने शाळा भरवली ती महारवाड्यातल्या तक्क्यात, म्हणजे वाड्याच्या बसाउठायच्या जागेत, कारण दुसरी जागा कोण देणार होतं. दिवसा पोरं, रात्री कंदील लावून बाप्ये, दिवसभर गावकी करून आलेले. पाटी, उजळणी, पावकी-निमकी, मग येशूची एखादी गोष्ट, शेवटी भजन. ही शाळाच आमचं पहिलं चर्च. भिंत नाही, घंटा नाही, बाप्तिस्मा झालेला एकही माणूस नाही, मास्तर आणि त्याची बायको सोडून.

बायकोबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. तिला सगळे बायबलबाई म्हणायचे. घरोघर जायची, चुलीपाशी बसायची, बाळंतिणीला काय खायला द्यायचं ते सांगायची, पोरांचे डोळे आले की धुऊन द्यायची, आणि त्यातच हळूच दोन ओळी वाचून दाखवायची. बाई वाचते हीच गोष्ट आमच्या पणजीला इतकी नवलाची होती की पहिले कित्येक दिवस ती काय वाचते इकडे लक्षच नव्हतं म्हणे, नुसती बोट कसं फिरतंय ते बघत बसायची. हे मला आजीने सांगितलं, आणि आजीला तिच्या सासूने म्हणजे पणजीनेच.

पणजोबा माळकरी होता. आमचं गाव नेवाशापासून फार लांब नाही, ज्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो तिथेच आहे, त्यामुळे टाळ-एकतारी घरात होतीच, चोखोबाचे अभंग तोंडपाठ. पण पंढरीला जाऊन देवळाच्या बाहेरूनच हात जोडून परत यायचं. तो ख्रिस्ती का झाला? आमच्या घरात याची तीन उत्तरं आहेत आणि नाताळला सगळे जमले की तिन्हींवर वाद होतो. आजी म्हणायची, पाटीमुळे, मास्तरने पोराच्या हातात पाटी दिली म्हणून. आजोबा म्हणायचे छप्पन्नचा दुष्काळ, म्हणजे १८९९-१९०० चा, घरातली दोन माणसं गेली आणि उरलेली मास्तरच्या हंड्यावर जगली. मोठे काका म्हणतात तसलं काही नाही, महारकीचा वीट आला होता, मेलेलं ढोर ओढा, ते मेलेलं खा, वर जोहार घाला.

मला विचाराल तर तिन्ही खरं.

"भाकरीसाठी बाटले" हे वाक्य मी शाळेत ऐकलंय, कॉलेजात ऐकलंय आणि आता फेसबुकवर दर डिसेंबरात वाचतो. पूर्वी राग यायचा. आता वाटतं की भुकेला माणूस विचार करू शकत नाही हे भरल्या पोटाच्या माणसालाच सुचतं. सरकारची खडी फोडायची कामं निघाली होती तिथेही माणसं गेलीच की, म्हणून काय ती सरकारच्या धर्माची झाली? आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, जुन्या रजिस्टरात पणजोबाचा बाप्तिस्मा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाल्यावरचा आहे. भाकरीचाच सौदा असता तर भूक असतानाच उरकला असता ना.

बाप्तिस्मा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं बदललं असंही नाही हं. वतन होतं, त्याची हाडकी-हाडवळ्याची इनाम जमीन होती, येसकराची म्हणजे गावराखणीची पाळी होती. मास्तरने एकच गोष्ट लावून धरली, मेलेल्या जनावराचं मांस खायचं नाही. ओढून टाकायचंही नाही असं काहींनी ठरवलं, त्यावर गाव बिथरलं, बलुतं बंद, भाकर बंद, बांधावर जनावर गेलं तर थेट काठी. हे किती दिवस चाललं ते घरात कोणी नीट सांगत नाही, पण पणजी त्या काळात माहेरी जाऊन राहिली होती एवढं कळतं. मास्तरला राहुटीवाल्या साहेबाकडे पळून जाता आलं असतं, तो गेला नाही. कज्जा कचेरीपर्यंत गेला तेव्हा अर्ज लिहून द्यायलाही तोच होता, कारण वाड्यात लिहिता येणारा तोच एक. त्या अर्जांमुळे जेवढी माणसं मंडळीत आली तेवढी प्रवचनामुळे आली नसतील, हे माझं मत, पाळकसाहेबांना म्हणजे आमच्या पाद्र्यांना आवडणार नाही.

आणि भजन. चाली त्याच राहिल्या, शब्द बदलले. रेव्हरंड टिळकांनी, म्हणजे १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी, पुढे राहुरीला असताना आणि नंतरही अभंग, कीर्तन, एकतारी या आपल्या वळणाने येशूला मांडण्याचा एवढा आग्रह धरला त्याचं आता खूप कौतुक होतं, ते व्हायलाच पाहिजे, काय माणूस होता. पण आमच्या तक्क्यात माळ काढून ठेवलेल्या पणजोबाने टाळ काढून ठेवले नव्हते. त्याला कोणी सांगावं लागलं नाही. आजही आमच्याकडे पेटी-ढोलकीवरच गायने होतात, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, आणि पुण्यातल्या इंग्रजी चर्चमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा चपला बाहेर काढायला लागलो तर सगळे माझ्याकडे बघायला लागले.

देवळाची इमारत फार उशिरा झाली, तोवर मंडळी तक्क्यात आणि मग कुडाच्या शाळेत भरायची. जागा दिली पणजोबाच्या भावकीने, हाडकीतलाच तुकडा. दगड ओढ्यातला, चुना मिशनचा, अंगमेहनत सगळ्या वाड्याची, आणि पत्र्याचे पैसे नगरहून. कोनशिलेवर साहेबाचं नाव कोरलंय. मास्तरचं नाही. बायबलबाईचं तर प्रश्नच नाही, ती बिचारी रजिस्टरातसुद्धा "मास्तरची बायको" एवढीच आहे. मला याचं फार वाईट वाटतं. आपल्या लोकांनी पन्नास वर्षं कोनशिलेला हार घातले त्यामुळे साहेबाने चर्च आणलं असं आपल्याच पोरांना वाटतं, आणि ज्यांना आम्ही गावात नकोत त्यांनाही तेच सोयीचं पडतं, परदेशातून आलेलं म्हटलं की झालं. दोघांच्याही गोष्टीत आमची माणसं नुसती उभी राहून घेणारी. त्यांनी स्वतः काही ठरवलं असेल हे कोणाच्या मनातच येत नाही.

सगळं गोड होतं असं म्हणत नाही मी. जात गेली नाही. मांगवाड्यातली घरं मंडळीत आली तेव्हा बसायला वेगळी सतरंजी होती, हे आजीने खालच्या आवाजात सांगितलंय. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायला कुरकूर झाली. आज एकत्र बसतो, एकत्र जेवतो, सोयरीक निघाली की मात्र सगळ्यांना आपापलं मूळ आठवतं. आणि साहेब लोकांनी सवयही वाईट लावली, पत्रा फुटला की नगरकडे बघायचं. ती सवय मोडायला आम्हाला दोन पिढ्या लागल्या, अजून पूर्ण मोडलेली नाही.

१९५६ ला भावकी दोन झाली. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि आजोबांचे सख्खे चुलतभाऊ बौद्ध झाले. देवळाच्या भिंतीला लागूनच आता विहार आहे. भांडण नाही, जयंतीची वर्गणी आम्ही देतो आणि नाताळचा फराळ तिकडे जातो. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती फक्त हिंदूंत धरल्या, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच. त्यामुळे एकाच पणज्याची पतवंडं, एकाला सवलत आहे आणि एकाला नाही. शाळेत आमच्या दोघांच्या पाठीवर पडणारी शिवी मात्र एकच होती, त्यात धर्माचा कॉलम नव्हता.

मध्ये पुण्यात एका ट्रेनिंगला गेलो होतो, खेड्यात नवी चर्चेस कशी सुरू करायची यावर, एसी हॉल, प्रोजेक्टर, दुपारी बुफे. शिकवणारे तळमळीचे होते, उगाच नावं ठेवत नाही. पण सगळं टार्गेटवर. किती गावं, किती महिन्यांत, किती नवे विश्वासी, एक्सेल शीट. मी हात वर करून विचारलं की त्या गावात राहायला कोण जाणार? तर म्हणाले ब्रदर, टीम वीकेंडला जाईल. बरं. शनिवारी गाडी भरून जायचं, साउंड सिस्टीम लावायची, आजाऱ्यासाठी मोठमोठ्याने प्रार्थना करायची, त्याचा व्हिडिओ काढून टाकायचा आणि रविवारी रात्री परत. सोमवारी गावात प्रश्न विचारले जातात ते त्या गावातल्या दोन घरांना, ग्रामपंचायतीत बोलावणं त्यांना, दुकानदार उधारी बंद करतो ती त्यांची. आजकाल वातावरण कसं आहे ते सगळ्यांना माहितीये. निदान जी दोन माणसं तिथे उरणार आहेत त्यांना विचारून तरी व्हिडिओ टाका. मास्तर आमच्या गावात वीस-बावीस वर्षं राहिला आणि तिथेच मातीत गेला. त्याच्या एक्सेल शीटमध्ये पहिली चार वर्षं शून्यच असणार.

सध्या आमच्याकडे पाळकसाहेब पूर्णवेळ नाहीत. त्यांना तीन गावं सांभाळायची, त्यामुळे आमची उपासना महिन्यातून एक रविवार ते घेतात आणि बाकीचे रविवार आत्या घेते. आत्या म्हणजे रिटायर झालेली झेडपीची शिक्षिका, आवाज खणखणीत, उपदेश कमी आणि हजेरी जास्त, कोण आलं नाही, का आलं नाही, कोणाच्या पोराची फी राहिली. उपासना संपली की तिथेच चौथी-पाचवीच्या पोरांना बसवून गणितं घेते, विहाराकडची पोरंही येतात कारण गणित तिचंच चांगलं. मी तिला एकदा म्हटलं, आत्या तू आता पाळकीणच झालीस. तर म्हणाली, पाळकीण कसली रे, मास्तरीणच बरी आहे मी, जा घंटेचा दोर तुटलाय तो आण बाजारातून.

दोर अजून आणलेला नाही. यंदा नाताळची उपासना आम्हाला पंचवीसला दुपारी तीनची मिळालीये, सकाळी पाळकसाहेब दुसऱ्या गावात. नेवाशात नायलॉनचा मिळतो, पण आत्याला सुतीच पाहिजे, नायलॉनने हात कापतो म्हणे.