मेन्यूतून विंडोज गायब, डिस्कवरून नाही

माझ्या मशीनवर विंडोज आणि डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) अशा दोन सिस्टिम आहेत. डेबियन ११ वरून १२ वर आले. सगळी पॅकेजं उतरली, बसली, शेवटी मशीनने रीस्टार्ट मागितलं. काळ्या पडद्यावर ग्रबचा, म्हणजे कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेन्यू आला तर त्यात डेबियन, खाली डेबियनचे ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि तळाला यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज (मदरबोर्डच्या स्वतःच्या प्रोग्रॅमची). 'विंडोज बूट मॅनेजर' ही ओळच नाही.

मी मिरजेत घरूनच डीटीपी करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, आणि उन्हाळा सरला की दिवाळी अंकांची पानं. नवीन मजकूर युनिकोडमध्ये येतो, तो मी डेबियनवर सुखाने लावते. पण जुन्या गिऱ्हाइकांचं सगळं श्रीलिपीत (युनिकोड नसलेले जुने फॉन्ट) आणि पेजमेकरमध्ये (पानं लावायचा जुना प्रोग्रॅम) आहे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. ती फाइल दुसरीकडे उघडली की 'श्री गणेशाय नमः'चं काय होतं, ते हे काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून विंडोज ठेवावंच लागतं. नेमकं तेव्हाच एका अहवालाचं प्रूफ त्या बाजूला अडकलेलं होतं.

ओळखीच्या रिपेअरवाल्याला फोन केला. त्याने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "ताई, विंडोज उडालंय. आणून टाका, फॉरमॅट मारून देतो." या लोकांचं हे एकच औषध. प्रिंटर चालेना, फॉरमॅट. आवाज येईना, फॉरमॅट. वर "डेटाचा बॅकअप आहे ना?" हे विचारणार मशीन उघडून झाल्यावर. मी आणून टाकलं नाही.

कारण चालू होताना तीन वेगवेगळ्या गोष्टी एकामागून एक येतात, आणि त्यातली नेमकी कोणती विसरली हे आधी बघायचं असतं. पहिली, मदरबोर्डची स्वतःची यादी: कोणकोणते बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारे प्रोग्रॅम) आहेत आणि आधी कुणाला हाक मारायची. दुसरी, ग्रबचा मेन्यू. तिसरी, डिस्कवर प्रत्यक्ष बसलेली सिस्टिम. मेन्यूतली ओळ गेली म्हणजे सिस्टिम गेली असं नाही. सोसायटीच्या गेटवरच्या पाटीवरून नाव पुसलं म्हणून बिऱ्हाड उठून जात नाही.

तपासायला काही लागत नाही. मशीन चालू करताना बूट मेन्यूची की दाबायची. कुठे एफ-१२, कुठे एफ-११, कुठे एस्केप, बोर्डाप्रमाणे बदलते. माझ्याकडे त्या यादीत डेबियनही होतं आणि विंडोज बूट मॅनेजरही. विंडोज निवडलं, आणि ते नेहमीसारखं उघडलं. श्रीलिपी जागेवर, प्रूफ जागेवर. ते आधी पाठवून टाकलं, मग निवांत दुरुस्तीला बसले.

डेबियनमध्ये येऊन 'सुडो अपडेट-ग्रब' ही मेन्यू नव्याने बनवणारी आज्ञा चालवली. शेवटच्या ओळींमध्ये उत्तर लिहिलेलंच होतं: दुसऱ्या पार्टिशनवरच्या (डिस्कच्या दुसऱ्या भागातल्या) सिस्टिम शोधायला ओएस-प्रोबर चालवला जाणार नाही. ओएस-प्रोबर म्हणजे डिस्कवर फिरून शेजारी कोण राहतंय ते ग्रबला सांगणारा छोटा प्रोग्रॅम. ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, तो मूळ सेटिंगमध्ये बंद असतो. डेबियन १२ मध्ये हीच आवृत्ती आली. बंद करण्याला कारणही आहे. हा प्रोग्रॅम रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वोच्च, अधिकाराने प्रत्येक पार्टिशन उघडून आत डोकावतो. त्याच मशीनवर व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आत चालणारी आभासी मशीन) चालत असतील तर त्यांच्या डिस्कना त्यातून धोका पोहोचू शकतो. सर्व्हर चालवणाऱ्याला हा बदल हवाच होता. माझ्यासारख्या घरगुती दोन सिस्टिमवाल्यांसाठी डेबियनच्या रिलीज नोट्समध्ये वेगळा परिच्छेद दिलेला आहे, उपायासकट. (रिलीज नोट्स अपग्रेडच्या आधी वाचणारी माणसं असतात म्हणे. मला अजून भेटायची आहेत.)

उपाय एका ओळीचा. 'ईटीसी' फोल्डर, त्यात 'डिफॉल्ट', त्यात 'ग्रब' नावाची फाइल. ती रूटच्या अधिकाराने उघडायची. 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर' अशी ओळ असेल, इंग्रजीत, सगळी कॅपिटल अक्षरं, शब्दांमध्ये अंडरस्कोर. ओळीच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढायचं आणि बरोबरच्या खुणेपुढे 'फॉल्स' ठेवायचं. ओळच नसेल तर शेवटी नवीन लिहायची. इथे घाईत बरेचजण 'ट्रू' लिहितात, कारण आपल्याला ते चालू करायचं असतं. पण सेटिंग बंद करण्याचं आहे, ते खोटं ठरवलं की प्रोबर चालू होतो. फाइल सेव्ह करून पुन्हा अपडेट-ग्रब. या वेळी 'फाउंड विंडोज बूट मॅनेजर' असं दिसलं की झालं. नाहीच दिसलं तर ओएस-प्रोबर हे पॅकेज मुळात बसलेलं आहे का ते बघा.

हे होतंय तोवर पुण्याहून भाच्याचा फोन. त्याचं बरोबर उलटं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्याने लॅपटॉपवर ११ घेतलं, आणि आता मशीन थेट विंडोजमध्ये जातंय.

"आत्या, लिनक्स गेलं."

"गेलं कुठं? बूट मेन्यूत दिसतंय का बघ."

दिसत होतं. म्हणजे इथे विसरली होती मदरबोर्डची यादी. विंडोजच्या मोठ्या अपग्रेडनंतर त्याचा बूटलोडर यादीत पहिला जाऊन बसू शकतो. यूईएफआय मशीनमध्ये फॅट-३२ चं एक छोटं पार्टिशन असतं, बहुतेकदा १०० एमबीचं, आणि त्यात प्रत्येक सिस्टिमचं वेगळं फोल्डर. त्यामुळे कुणी कुणाला पुसत नाही, फक्त क्रम बदलतो. मदरबोर्डच्या सेटअपमध्ये जाऊन लिनक्सची नोंद वर सरकवायची, किंवा लिनक्समध्ये शिरून 'ईएफआय-बूट-एमजीआर'ने क्रम लावायचा.

जुन्या बायोसच्या (यूईएफआयच्या आधीचं फर्मवेअर) मशीनवर मात्र खरोखर पुसलं जायचं. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये बूटलोडरच्या वाट्याला ४४६ यायचे, आणि शेवटी जो बसेल त्याची जागा. तसं मशीन अजून कुणाकडे असेल आणि 'ग्रब रेस्क्यू' एवढंच येऊन थांबत असेल, तर लाइव्ह यूएसबीवरून सुरू करून ग्रब पुन्हा बसवावा लागतो. तिथेही फॉरमॅटचा संबंध येत नाही.

भाच्याला मी सेटअपला हात लावण्याआधी एक काम करायला लावलं: बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की कागदावर उतरवून घेणं. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एनक्रिप्ट झालेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो. बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूट (फक्त खात्रीचे बूटलोडर चालू देणारी सोय) बदललं की कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या टीपीएम चिपला शंका येते आणि विंडोज ४८ आकडी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ठेवलेली असू शकते, पण ऐन वेळी त्या अकाउंटचा पासवर्ड आठवला पाहिजे. "एवढे आकडे लिहू?" म्हणाला. लिही. सहा-सहाचे आठ गट असतात, चुकत नाही.

सिक्युअर बूटचं एक प्रकरण वेगळंच आहे, आणि ते वरच्या दोन्हींत बसत नाही. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर काही मशीनवर लिनक्स निवडलं की 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' असा संदेश येऊन मशीन बंद पडायचं. त्या अपडेटने जुने, असुरक्षित बूटलोडर नाकारायची यादी फर्मवेअरमध्ये लिहिली होती. दोन सिस्टिमच्या मशीनना ती लागू होणार नव्हती, काहींना झाली. त्या वेळी चाललेला मार्ग असा: सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये शिरून 'मॉकयूटिल'ने ती नाकारायची यादी (एसबॅट पॉलिसी) पुसायची, एकदा रीस्टार्ट, मग सिस्टिम अद्ययावत करून सिक्युअर बूट परत चालू. ग्रब पुन्हा बसवण्यात लोकांनी रात्री घालवल्या. दुखणं तिथे नव्हतंच.

लिनक्स परत आल्यावर भाच्याची पुढची तक्रार: डी ड्राइव्ह उघडतो, पण काही सेव्ह होत नाही. हे फास्ट स्टार्टअपचं काम. विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे पुरतं बंद होणं नसतं. अर्धी झोप असते, आणि झोपलेल्या विंडोजच्या पार्टिशनवर लिनक्स लिहायला धजत नाही, जे योग्यच आहे. कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये ते बंद करता येतं. आधी बंद केलेलं असलं तरी मोठ्या अपग्रेडनंतर परत एकदा बघा.

राहिलं घड्याळ. त्याचा अपग्रेडशी संबंध नाही, पण दोन सिस्टिम एकत्र नांदल्या की ते येतंच. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजतं, आणि आपण साडेपाच तास मागे जातो. अंकाच्या गडबडीत पहाटे चारला केलेल्या फाइलीवर आदल्या रात्रीचे साडेदहा पडतात, मग कोणतं प्रूफ शेवटचं ते कळेना. शुद्धतावादी सांगतात विंडोजच्या रजिस्ट्रीत जाऊन त्याला जागतिक वेळ शिकवा. मी लिनक्सलाच स्थानिक वेळ पाळायला सांगते: 'टाइमडेट-सीटीएल'ला 'सेट-लोकल-आरटीसी' आणि पुढे १. ते इशारा देतं, कारण जिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात तिथे यातून घोळ होतो. आपल्याकडे घड्याळं कुणी पुढे-मागे करत नाही, त्यामुळे मी तो इशारा वाचते आणि एंटर दाबते.