घास आणि उलटी यांच्यामधले दोन तास

रात्री सव्वाअकरा

वहीतली आजची ओळ पूर्ण झाली. काजूची पेस्ट, पाव चमचा, सकाळी ९.३०. १०.३० ठीक. ११.३० ठीक. १२.३० खेळतेय. १.३० ठीक. या चार नोंदींत माझा दिवस गेला. रात्री जुलाबाचीही धास्ती होती, तीही वेळ टळली. लेक झोपलीय आणि मी मात्र जागीच आहे.

काजू आज दुसऱ्यांदा दिला. पहिल्यांदा काही झालं नव्हतं, पण त्यावर आता माझा विश्वास बसत नाही. शेंगदाण्याच्या वेळी असंच झालं होतं. ती साडेसात महिन्यांची होती. दाण्याची पेस्ट माझ्याच दुधात पातळ करून दिली, मिटक्या मारत खाल्ली, काही नाही. चार दिवसांनी पुन्हा दिली. सकाळी दहाला खाल्लं, मग झोपली, आणि बाराच्या सुमाराला उलट्या सुरू झाल्या. एक झाली की दुसरी. पोटात काही उरलं नाही तरी उमासे थांबेनात. मग ती पांढरीफटक पडली. मान टाकली, हाक मारली तरी डोळे नीट उघडेना. तिला उचलून धावताना हातात तिचं वजनच लागत नव्हतं, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

दवाखान्यात म्हणाले, पोटाचा संसर्ग. अंगावर पुरळ नाही, ओठ सुजले नाहीत, धाप नाही. मग अ‍ॅलर्जी कुणाच्या मनात येणार? रक्तात पांढऱ्या पेशीही वाढलेल्या होत्या. सलाईन लागलं आणि संध्याकाळी ती हसली. मीसुद्धा संसर्गच धरून बसले. दोन आठवड्यांनी पुन्हा दाणे दिले. माझ्या हाताने. पुन्हा तेच, पुन्हा दोन तासांनी.

त्या दिवशीच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं, आणि किती वाजता?" या "किती वाजता"ने सगळं उलगडलं. त्यांनी नाव सांगितलं : फूड प्रोटीन इंड्यूस्ड एन्टेरोकोलायटिस सिंड्रोम, थोडक्यात एफपाइस. नेहमीच्या अ‍ॅलर्जीत आयजीई नावाची प्रतिपिंडं कामाला लागतात आणि बहुधा काही मिनिटांत अंग उठतं. यात तसं नसतं. प्रतिक्रिया आतड्यात उठते. उलट्या साधारण एक ते चार तासांनी, जुलाब झाले तर त्यानंतर काही तासांनी. घास आणि उलटी यांच्यात एवढं अंतर पडलं की दोघांचा संबंध लावायचा कुणी?

त्वचेवरची चाचणी आणि रक्तातली आयजीई, दोन्ही निगेटिव्ह आल्या. घरात सगळे सुटल्यासारखे झाले. सासूबाई म्हणाल्या, "बघ, काही नाही निघालं." त्यांचा दोष नाही, त्यांना नात बरी हवी होती. पण या आजारात चाचणी बहुधा कोरीच येते, निदान होतं ते घडलेल्या हकिगतीवरून, हे मला प्रत्येकाला नव्याने सांगावं लागलं. कागदावर काही नसताना आपलंच खरं आहे म्हणत राहायला फार बळ लागतं. तेव्हापासून ही वही.

दाणे लवकर दिले म्हणून मी स्वतःला खूप बोल लावला. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या लीप अभ्यासात ६४० बाळं होती. अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या ज्या बाळांना लहानपणीच दाणे मिळाले, त्यांच्यात दाण्याची नेहमीची अ‍ॅलर्जी कितीतरी कमी दिसली. तो सल्ला आजही बरोबरच आहे. आमच्या वाट्याला आलेली अ‍ॅलर्जी वेगळ्या जातीची. म्हणूनच त्यांनी बाकीचं सगळं बंद करू दिलं नाही. शेंगदाणा मुळात शेंगवर्गातला. तो बाधला म्हणून काजू-बदाम बाधतीलच असं नाही. एका वेळी एकच, पेस्ट करून, आणि सकाळी, म्हणजे पुढचे चार तास उजेडात जातील. हे आमच्या लेकीला तपासून त्यांनी दिलेलं वेळापत्रक आहे. दुसऱ्या बाळाचं त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

पिशवीत त्यांचं पत्र असतं. उलट्या सुरू झाल्या आणि ती मलूल पडली तर शिरेतून सलाईन लगेच, आणि उलटी थांबवायला ऑन्डान्सेट्रॉन. नव्या डॉक्टरांपुढे घाबरलेल्या आईने सगळं सांगत बसण्यापेक्षा ते पत्र पुढे करणं बरं. सकाळी काजू देण्याआधी ते मी दोनदा वाचलं.

दाण्यांची पुन्हा परीक्षा वर्ष-दीड वर्षाने, रुग्णालयातच, डॉक्टरांच्या नजरेसमोर. बरीच मुलं काही वर्षांत यातून बाहेर पडतात म्हणे. तोवर दाणे नाहीत.

बदामाचं पान वहीत कोरं ठेवलंय. तारीख टाकायला आज हात उठला नाही.