शंभरीपार वेलींची शिराझ

हंगामापुरतं काम मिळालं ते दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा व्हॅलीत, एका छोट्या वायनरीत. बागेत शिरायच्या आधीच बूट क्लोरीनच्या पाण्यात बुडवायला लावले. कारण फायलोक्सेरा. मुळांवर जगणाऱ्या या किडीने एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बागा झोपवल्या, पण या राज्यात ती अजून शिरलेली नाही. त्यामुळे बरोसात १८४३ साली लावलेली शिराझ, म्हणजे वाईनच्या काळ्या द्राक्षाची वेलसुद्धा स्वतःच्या मुळांवर उभी आहे. आमच्या निफाडकडे डॉगरिज या दुसऱ्या जातीच्या खुंटावर कलम, वर मांडव, आणि माल घटला की पंधरा-वीस वर्षांत कुऱ्हाड! अर्थात इथेही १९८० च्या दशकात भाव पडले, तेव्हा सरकारनेच वेली उपटायला पैसे दिले होते. उरल्या त्या काही जणांच्या हट्टामुळे.

आमच्या वेली शंभरीपार. मांडव नाही, तार नाही. पिळवटलेलं खोड आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर घड. यंत्र चालत नाही, सगळी तोडणी हाताने. एका वेलीवरचा माल बघून आमच्या तात्यांनी कपाळाला हात लावला असता. पण मणी बारीक, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, आणि रेड वाईनचा रंग आणि बराचसा तुरटपणा सालीतच. गोडी इथे 'बोमे' या मापात मोजतात. आमची भरली १४, म्हणजे 'ब्रिक्स' या दुसऱ्या मापात साधारण २५. घरची थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, आम्ही १८ ब्रिक्सला तोडतो.

खरा घाम निघाला तो उघड्या टाक्यांवर. यीस्ट कामाला लागलं की साली वर येऊन जाड थर धरतात. तो दिवसातून तीनदा दांड्याने खाली दाबायचा. सकाळी थर इतका घट्ट की दांड्यावर अख्खं अंग टाकावं लागे. एकदा फुटला की खालून कोमट, जांभळा फेस उसळायचा. टाकीत डोकं घालायचं नाही ही सक्त ताकीद, कार्बन डायऑक्साइडने माणूस तिथल्या तिथे कोसळतो. साखर संपली की चोथा बास्केट प्रेसमध्ये. तिथे वाईनमेकर सतत चाखत असायचे आणि कडवटपणा जाणवला की दाब थांबवायचे. मग ओकची पिंपं. त्यात मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल होतं आणि जिभेला झोंबणारी वाईन निवते.

एक सांगते, विकत घेताना नुसत्या 'ओल्ड व्हाइन' (Old Vine, म्हणजे जुनी वेल) या शिक्क्यावर जाऊ नका. ऑस्ट्रेलियात त्याची कायदेशीर व्याख्या नाही. बरोसाची २००९ ची वर्गवारी आहे, ३५ वर्षांपासून 'ओल्ड' आणि १२५ पासून 'अ‍ॅन्सेस्टर', पण तीही ऐच्छिक. बाटलीवर लागवडीचं साल शोधा.